आतला थर जखमेचा, बाहेरचा थर घराचा

नांदेड आणि लातूरच्या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या अवघड जखमा ओळखीच्या आहेत. चुलीच्या नाहीतर गॅसच्या भडक्यात भाजलेलं अंग, मोटारसायकल घसरून सोललेली नडगी, साप चावल्यावर काळं पडून गळालेलं मांस, मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात खोल गेलेलं छिद्र. अशा जखमांवर आता नुसतं मलम लावून वाट पाहत बसत नाहीत. कोलॅजनचे पडदे, त्वचापेढीतली त्वचा, दोन थरांचे त्वचासाचे, असे त्वचेचे पर्याय डॉक्टरांच्या हाताशी आले आहेत. लावलेला पर्याय टिकतो की वाया जातो, हे मात्र पुष्कळदा त्याच्यावर काय बांधलं आणि ते कधी सोडलं यावर ठरतं. ऑपरेशनची चर्चा होते, पट्टीची होत नाही.

या पट्टीबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद. डॉक्टर लातूरचे प्लास्टिक सर्जन आहेत. सिस्टर नांदेडला जळीत रुग्णांची सेवा करून निवृत्त झालेल्या. दोघंही लेखासाठी कल्पिलेली आहेत, वाद मात्र खरा आहे.

डॉक्टर : सिस्टर, माझं म्हणणं सरळ आहे. ड्रेसिंग कोणतं, हे जखम ठरवते. तळ कसा आहे, पाणी किती झिरपतंय, पर्याय कोणता लावलाय, एवढं पाहिलं की उत्तर मिळतं. रुग्ण किनवटचा आहे की मुंबईचा, याने शरीराचे नियम बदलत नाहीत.

सिस्टर : नियम बदलत नाहीत, पण पट्टी घरी जाऊन तिसऱ्या दिवशी सुटते ना डॉक्टर. तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये बांधता तेव्हा खाली चादर पांढरी, वर दिवा, हातात हातमोजे. घरी पत्र्याखाली बाज असते, दुपारी घामाने पट्टी भिजते आणि बदलणारी सून नाहीतर मुलगी असते. तिला जमेल ते ड्रेसिंग चांगलं, असं मी इतकी वर्षं मानत आले.

डॉक्टर : आधी पर्याय समजून घेऊ, मग घराकडे येऊ. कोलॅजनचा पातळ पडदा वरवरच्या, स्वच्छ भाजलेल्या जखमेवर बसवला की तो वाळून अंगाला धरतो. त्याच्यावर फारसं काही बांधावं लागत नाही. खाली नवी कातडी आली की साधारण दहा ते चौदा दिवसांत कडा सुटू लागतात. सुटलेला भाग कात्रीने कापायचा, ओढायचा नाही. दुसरा पर्याय त्वचापेढीतल्या त्वचेचा. मरणानंतर दान केलेली ही कातडी ग्लिसरॉलमध्ये, चार अंश सेल्सिअसला जपून ठेवतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली. ही त्वचा काही आठवडे जखम झाकते, मग शरीर ती नाकारतं. तोवर रुग्ण सावरतो आणि त्याची स्वतःची कातडी घेता येते. तिसरा दोन थरांचा साचा. खाली कोलॅजनची जाळी, वर सिलिकॉनचा पडदा. बोस्टनचे सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यानास यांनी तो घडवला. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. त्या जाळीत रुग्णाच्या रक्तवाहिन्या शिरायला दोन ते तीन आठवडे लागतात. मग सिलिकॉन काढून वर पातळ कातडी लावायची. या तिघांना एकच ड्रेसिंग कसं चालेल?

सिस्टर : चालत नाही, हे मलाही कळतं. पण वॉर्डाच्या ट्रॉलीवर तिघांसाठी एकच सामान असतं : पॅराफिनची जाळी, गॉझ, गॅमजी पॅड आणि क्रेप बँडेज. ते नीट बांधलं तर पुरतं. मी पुरवलेलं आहे.

डॉक्टर : नीट म्हणजे कसं, तेच मला ठरवून घ्यायचंय. नव्याने लावलेल्या पर्यायाचे शत्रू चार. घासणं, खाली साचलेलं रक्त आणि पाणी, जंतू, आणि चौथं म्हणजे वाळून जाणं. यातलं घासणं सगळ्यात वाईट. रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक असतात. पट्टी थोडी सरकली तरी त्या तुटतात आणि रुजवण पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पर्यायाला टेकणारा सगळ्यात आतला थर असा हवा, की जो चिकटणार नाही आणि सरकणारही नाही. त्याला छिद्रं हवीत, म्हणजे पाणी वर शोषलं जाईल. सिलिकॉनची जाळी हे काम आठवडाभर करते. पॅराफिनची जाळी आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत कोरडी पडते, गॉझचे धागे आत रुततात आणि काढताना सगळं घेऊन येतात.

सिस्टर : काढणाऱ्याला काढता येत नसेल तर. मी शिकाऊ मुलींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवायची. बँडेज सोडा, वरचे पॅड काढा आणि थांबा. आतल्या थरावर सलाइन टाका, चांगली दहा मिनिटं मुरू द्या. मग एका चिमट्याने पर्यायाची कड खाली दाबून धरा आणि दुसऱ्याने जाळी कातडीला समांतर मागे दुमडत न्या. वर उचलायची नाही. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबा, पुन्हा ओलं करा. रुग्ण ओरडला तर चूक त्याची नाही, आपल्या घाईची आहे. एवढं केलं तर स्वस्तातली जाळीही पर्याय मोडत नाही.

डॉक्टर : हे कौशल्य तुमच्यापाशी आहे. माझी अडचण अशी की ते तुमच्यासोबत निवृत्त झालं. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि पन्नास खाटा असतील, तर दहा मिनिटं भिजवायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून मी असं ड्रेसिंग मागतो की जे कमी वेळा सोडावं लागेल. माझ्या लेखी कमी हात लागणं हाच मोठा इलाज आहे.

सिस्टर : आणि आमची सवय रोज बघायची. रोज राउंडला ड्रेसिंग उघडून दाखवा, असं सांगणारे वरिष्ठ आम्ही पाहिलेत. जखम उघडी, कोरडी ठेवली की खपली धरते, हेच आम्हाला शिकवलेलं.

डॉक्टर : ते १९६२ सालीच मागे पडायला हवं होतं. त्या वर्षी जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा लवकर सरकते. लावलेल्या पर्यायाला तर हे जास्तच लागू. नेहमीच्या कातडीच्या रोपणाला आपण बहुधा पाचव्या दिवशी पहिल्यांदा उघडतो. दोन थरांच्या साच्यावरचे बाहेरचे पॅड भिजले तर बदलायचे, पण आतल्या थराला विनाकारण हात लावायचा नाही. सिलिकॉन पारदर्शक असतं, रंग बाहेरून दिसतो. सुरुवातीला लालभडक, मग गुलाबी, आणि तिसऱ्या आठवड्याकडे फिकट, पिवळसर झाक. ती झाक आली की समजायचं, साचा रुजला.

सिस्टर : पिवळी झाक दिसली की आमची नवी मुलगी पू झाला म्हणून केसपेपरवर लिहून मोकळी होते.

डॉक्टर : आणि कुणीतरी तो साचा खरवडून काढतं! कोलॅजन विरघळताना पिवळसर, बुळबुळीत थर होतो, वासही येतो. वासावरून निकाल द्यायचा नाही. लाली भोवताली पसरते आहे का, ताप चढला का, दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतंय का, साच्याखाली गढूळ पाणी साचलंय का, हे बघायचं. पाणी साचलं असेल तर बारीक चीर देऊन ते काढता येतं, साचा वाचतो.

सिस्टर : हे रुग्णाच्या माणसांना कुणी सांगत नाही, डॉक्टर. ‘सिस्टर, वास यायलाय’ म्हणत बाई धावत येते. कुणी यायच्या आधीच पट्टी सोडून हळद भरलेली असते, नाहीतर दगडीपाल्याचा रस पिळलेला असतो. त्यांना अडाणी म्हणून भागत नाही. त्यांना माहीत असलेला इलाज त्यांनी केला, आपला इलाज आपण सांगितलाच नव्हता. मी मग आंब्याच्या कलमाचं उदाहरण द्यायची. कलम बांधलं की पट्टी सोडून रोज जोड बघतं का कुणी? बाया लगेच मान हलवायच्या.

डॉक्टर : आता तुमच्या आवडत्या बाटलीकडे येतो. बीटाडीन.

सिस्टर : माझ्या आवडत्या बाटल्या पुष्कळ होत्या. युसोल होतं, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस होता, चांदीचं पांढरं मलम होतं. जंतूंची भीती खरी आहे. वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू गेलेले मी पाहिलेत. तुम्ही नुसती जाळी ठेवून आठवडाभर झाकून ठेवा म्हणता, तेव्हा मला धडकी भरते.

डॉक्टर : जंतूंशी लढाई पर्याय लावण्याआधी लढायची. मेलेलं मांस काढायचं, जखम स्वच्छ धुवायची, तळ लाल आणि कमी पाझरणारा होईपर्यंत थांबायचं. त्यानंतर रुजू पाहणाऱ्या पेशींवर तीव्र औषध ओतलं तर जंतूंसोबत पेशीही मरतात. चांदीचं मलम भाजलेल्या रुग्णांना १९६०च्या दशकापासून उपयोगी पडलंय, पण नवी कातडी सरकायला त्याने उशीर होतो. दोन थरांच्या साच्यावर सिलिकॉन असेपर्यंत वरून चांदीचं ड्रेसिंग ठेवता येतं, कारण मध्ये पडदा आहे. उघड्या कोलॅजनवर किंवा पेशी असलेल्या पर्यायावर सरसकट नको. आणि मांस विरघळवणारं एन्झाइमचं मलम तर मुळीच नको. ते मेलेलं मांस खातं तसं आपण लावलेलं कोलॅजनही खाऊन टाकतं.

सिस्टर : हे पटलं. हा आतला थर तुमचा, त्यात मी बोलणार नाही. पण स्वस्त साधनाला तुम्ही मागासलेलं म्हणता, तिथे मात्र माझं भांडण आहे. सायनच्याच डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर आणि कातडी काढलेल्या जागेवर वापरून त्याचे निष्कर्ष २००३ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. त्याच्या आधी, १९८५ साली, मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयाच्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग मांडलं होतं. पान चिकटत नाही, गार लागतं, काढताना दुखत नाही आणि किंमत जवळजवळ नाहीच. आमच्या अर्धापूरला तर केळीचे मळेच मळे आहेत.

डॉक्टर : त्या कामाला मी मागासलेलं म्हणणार नाही. पान धुऊन, पट्टीवर बसवून, निर्जंतुक करून वापरलं होतं. मळ्यातून तोडून थेट जखमेवर ठेवलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. दुसरं, ते वरवरच्या जखमेसाठी आहे. रुजणाऱ्या साच्याला घट्ट धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. पण तुमच्यामुळे एक मुद्दा निघाला, जो आम्ही सर्जन विसरतो. साच्यावर कातडी लावतो तेव्हा ती मांडीवरून काढतो, म्हणजे रुग्णाला आता दोन जखमा असतात. महागडं ड्रेसिंग पहिल्या जखमेला जातं आणि दुसरीवर कोरडं गॉझ वाळून चिकटतं. रुग्णाला विचारा, जास्त कळ कुठे आहे? तो मांडी दाखवतो. तिथे न चिकटणारं स्वस्त ड्रेसिंग हा खरा उपकार आहे.

सिस्टर : मग आता तुमचं यंत्र. निर्वात दाबाचं.

डॉक्टर : त्याचे मी गोडवे गाणारच. अमेरिकेत अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ साली ते मांडलं. जखमेवर फोम, वर हवाबंद पडदा, आणि नळीतून साधारण उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. पाणी साचत नाही, साचा तळाला दाबून राहतो, सरकत नाही. खड्डे-उंचवट्यांच्या जखमेवर याच्यासारखं दुसरं धरून ठेवणारं काही नाही.

सिस्टर : वीज असेल तर. बॅटरी उतरली, पडदा घामाने सुटला आणि यंत्र रात्रभर ओरडत राहिलं, की बंद फोमखाली जखम कुजते. ते यंत्र वॉर्डात वापरा, माझी ना नाही. पण बंद पडलं तर किती तासांत फोम काढून साधं ड्रेसिंग करायचं, हे कागदावर लिहा. ते लिहिलेलं नसतं म्हणून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

डॉक्टर : दोन तासांत. हवाबंद फोम त्याहून जास्त वेळ बंद यंत्राखाली ठेवायचा नाही. लिहीन.

सिस्टर : आता घराकडे या. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात नांदेड होतं. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. भाजलेल्या गरिबाला त्या योजनेने ऑपरेशनचं दार उघडून दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सुटी झाल्यावरचा पाठपुरावा त्यात धरतात तो दहा दिवसांचा. तुमचा साचा रुजायला लागतात एकवीस. अकराव्या दिवसापासून पट्टीचं सामान आणि बसचं भाडं कुणाच्या खिशातून? शिवाय दिवाळीच्या आगेमागे मुखेड-कंधारकडची माणसं ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, टोळी थांबत नाही. पायाला पट्टी बांधलेला माणूस फडात उतरतो. त्याच्या पट्टीचा रंग तिसऱ्या दिवशी मातीचा होतो. तुम्ही ड्रेसिंग निवडताना हा माणूस तुमच्यासमोर असतो का?

डॉक्टर : नसतो, बहुतेक वेळा नसतो. त्या पायाचं तर आणखी अवघड आहे. मधुमेहाने बधिर झालेला तळवा दुखत नाही, म्हणून माणूस त्यावर चालतो. प्रत्येक पावलाला साच्याची रुजवण चिरडली जाते. तिथे ड्रेसिंग कोणतंही ठेवा, भार काढला नाही तर फुकट. मधुमेही पायाचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगतो : आधी रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, मेलेलं मांस आणि पायावरचा भार सांभाळा. त्वचेचे पर्याय सरसकट वापरू नका, आणि जखम भरावी एवढ्याच हेतूने अँटिसेप्टिक घातलेली ड्रेसिंगं वापरू नका.

सिस्टर : नांदेडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींवर इथे वार झाला. जखम शिवली गेली, भरतही आली होती, आणि ताठ धनुष्य ओढताना ती पुन्हा उसवली, अशी हकीकत परंपरेने जपली आहे. वरून मिटलेली जखम आतून तयार झालेली नसते, हे आम्ही रुग्णाला आणखी कशाने समजावणार?

डॉक्टर : म्हणून मी पायाच्या रुग्णाला प्लास्टरचा स्लॅब देतो, कुबड्या देतो. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी तळव्यावरचा भार काढायला फोमची साधी, स्वस्त पद्धत तयार केली. तिला नाव दिलं ‘समाधान’. अशी साधनं जिल्ह्याच्या ठिकाणी बनवता येतात. आयात ड्रेसिंगपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल, हे मी मान्य करतो.

सिस्टर : आणि पाणी. जखम धुवा म्हणणं सोपं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून तुमच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरचं पाणी साठवलेल्या पिंपातून जखम धुतली जाऊ नये, म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाला मी बाहेरचे पॅड बदलायला शिकवायची आणि आतल्या थरापर्यंत पाणी जाऊच द्यायचं नाही, असं बजावायची. तो थर पुढच्या भेटीला आम्हीच उघडायचो.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही माझंच सांगत होतात, सिस्टर. आतल्या थराला घरी हात लावायचा नाही.

सिस्टर : आणि तुम्ही माझं ऐकायला लागलात. बाहेरचा थर घर बघून ठरवायचा. सुनेला बांधता येईल असा, गावच्या मेडिकलमध्ये मिळेल असा, घामात टिकेल असा. एक विचारू? साचा लावण्याआधीच कळलं की हा माणूस तीन आठवडे थांबू शकत नाही, तर काय कराल?

डॉक्टर : तर साचा लावणार नाही. जखम परवानगी देत असेल तर एकाच बैठकीत साधं कातडीचं रोपण करीन, पाच-सात दिवस ठेवून घेईन. हाड नाहीतर शीर उघडी असेल आणि साध्या रोपणाने भागणार नसेल, तर आधी त्याची राहण्याची सोय, मग ऑपरेशन. इथे घराचा विचार शस्त्रक्रियाच बदलून टाकतो. फक्त जखम बघा, हे माझं पहिलं म्हणणं त्यामुळे अपुरं ठरतं.

सिस्टर : माझंही अपुरंच. घरी जमेल ते चांगलं, असं म्हणून आम्ही पुष्कळदा आतल्या थरातही तडजोड केली. ती तडजोड रुग्णाने भोगली.

हा वाद इथे थांबवता येतो, कारण त्यातून कामाची वाटणी निघाली आहे. पर्यायाला टेकणारा थर, तो किती दिवस हलवायचा नाही आणि त्याच्यावर कोणतं औषध चालत नाही, हे जखमेवरून ठरवावं आणि त्यात खर्चासाठी, सवयीसाठी सूट घेऊ नये. त्याच्या बाहेरचं सगळं, म्हणजे शोषणारे पॅड, बँडेज, पायावरचा भार काढण्याची सोय, बदलण्याचे दिवस आणि बदलणारा माणूस, हे रुग्णाच्या घरावरून, कामावरून आणि गावच्या अंतरावरून ठरवावं. दोन्ही निर्णय ऑपरेशनच्या आधी व्हावेत. पैसा कमी असेल तिथे तो आतल्या थरावर आणि रुग्णाच्या परतीच्या भाड्यावर आधी खर्च व्हावा.

वाचकहो, तुमच्या घरातल्या कुणाला त्वचेचा पर्याय लावायचं ठरलं, तर सही करण्याआधी चार गोष्टी मराठीत लिहून मागा : आतला थर कोणत्या तारखेपर्यंत उघडायचा नाही; बाहेरची पट्टी कोण, कशी आणि कधी बदलणार; कोणती लक्षणं दिसली तर त्याच दिवशी परत यायचं; आणि सुटी झाल्यानंतरच्या पट्ट्यांचा खर्च कोण करणार. हे विचारणं डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही. चांगले डॉक्टर आणि अनुभवी सिस्टर या प्रश्नांचं स्वागतच करतात. या चारांची उत्तरं कागदावर लिहिता येत नसतील, तर तो महागडा पर्याय लावायची वेळ अजून आलेली नाही.